तबकड्या उभ्या ठेवा, सुई नवी घ्या

घर आवरताना माळ्यावरून पत्र्याची ट्रंक खाली येते, झाकण उघडलं की कोंदट पुठ्ठ्याचा वास येतो आणि आत आजोबांच्या रेकॉर्डी निघतात. नाहीतर असं होतं, की हौसेनं टर्नटेबल घेतला जातो, मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात चकरा सुरू होतात आणि बघता बघता दिवाणखान्याच्या कोपऱ्यात दीडदोनशे एलपींचा ढीग लागतो. दोन्ही घरांतला प्रश्न एकच, की हे ठेवायचं कसं.

सल्ल्यांना तोटा नाही. पण ते बहुतेक थंड, कोरड्या मुलखात बसून दिलेले असतात. तिथल्या मंडळींना धुळीची आणि अंगाला चटके देणाऱ्या स्थिर विजेची काळजी. आपल्याकडे आधी ओल, मग ऊन, मग अपुरी जागा, आणि या सगळ्यांच्या वर घासलेली सुई, जिच्याकडे कुणाचं लक्षच नसतं. म्हणून खर्चाचा माझा क्रम असा आहे: आधी सुई, मग आतली पाकिटं, मग कपाट, आणि पैसे उरलेच तर भारी यंत्र. लोक नेमकं उलट करतात. महागडा प्लेअर येतो, त्याचे फोटो निघतात, आणि रेकॉर्डी मात्र पलंगाखाली एकावर एक पडून राहतात.

पहिलं काम म्हणजे वर्गवारी. सगळ्या काळ्या गोल वस्तू एक नसतात. जड, कडक, बहुधा दहा इंची, लेबलावर ७८ हा वेग किंवा वेगाचा उल्लेखच नाही, ती लाखेची तबकडी. तिच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावतं. बालगंधर्वांची पदं, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर, केसरबाई केरकर हे सगळे घराघरांत पोचले ते असल्याच तबकड्यांवरून. तिच्यात लाख असते, दगडाची बारीक पूड असते, रंगाला काजळी असते. ती वाकत नाही, थेट मोडते. दुसरी व्हिनाइलची, म्हणजे एका जातीच्या प्लास्टिकची. बारा इंची एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, सात इंची छोटी ४५. कोलंबिया कंपनीनं अमेरिकेत १९४८ साली एलपी आणली. आपल्याकडे मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षं लाखेच्या तबकड्या निघत राहिल्या. त्यामुळे एकाच ट्रंकेत एकाच गायिकेच्या दोन्ही प्रकारच्या रेकॉर्डी मिळणं अगदी साहजिक आहे. व्हिनाइल वाकतं, तापतं, त्यावर ओरखडे उठतात, पण हातून पडलं तर फुटत नाही. या दोघींची धुण्याची रीत वेगळी, सुई वेगळी, ठेवण्याची जागासुद्धा शक्यतो वेगळी.

तिसरा प्रकार क्वचित निघतो, पण तो ओळखता आलाच पाहिजे. मधल्या भोकाच्या कडेला नीट बघा. आत अॅल्युमिनियमची चकचकीत रेघ दिसली, लेबल छापील नसून हातानं लिहिलेलं असलं, तर ती आकाशवाणीत किंवा एखाद्या स्टुडिओत थेट कोरलेली तबकडी असू शकते. धातूच्या पत्र्यावर लॅकरचा थर असतो, तो कालांतरानं आक्रसतो, तडकतो, आणि त्यावर पांढरट तेलकट साय येते. अशी तबकडी जगात एकुलती एक असण्याचा संभव असतो. ती वाजवू नका, पुसू नका, पाण्याजवळ नेऊ नका. स्वच्छ कागदात घालून बाजूला ठेवा आणि ध्वनिसंग्रहाचं काम करणाऱ्या जाणत्या माणसाला दाखवा.

आता ठेवणं. रेकॉर्ड उभी ठेवायची, अगदी ताठ. आडवा ढीग घातला की खालच्यांवर वरच्यांचा भार येतो, जाकिटाच्या कडेची रेघ तबकडीवर उमटते, मध्ये अडकलेला धुळीचा कण खाचेत रुततो. लाखेच्या तबकड्यांचा ढीग असला तर तळाची एखादी तडकते आणि ते कळतं सहा महिन्यांनी. पण उभी ठेवायची म्हणून तिरकी टेकवून ठेवली तर तेही वाईटच. व्हिनाइल हळूहळू त्या कलाला धरून वाकतं. कप्पा रिकामा असला तर पुस्तकांना लावतो तसे आधार लावा. उलट कप्पा इतका गच्चही नको, की एक रेकॉर्ड काढताना शेजारच्या दोन ओढल्या जातील. मधोमध दोन बोटं सहज शिरली पाहिजेत.

कपाट करून घेणार असाल तर सुताराला माप आधी सांगा, वजन त्याहून आधी सांगा. एलपीच्या जाकिटाची बाजू साधारण साडेएकतीस सेंटिमीटर असते, म्हणून कप्प्याची आतली उंची चौतीस सेंटिमीटर आणि खोली किमान बत्तीस हवी. फूटभर रांगेत साठ-सत्तर एलपी बसतात आणि त्यांचं वजन पंधरा किलोच्या आसपास जातं. लाखेच्या तबकड्या याहून जड. सुतार पुस्तकांचा हिशेब धरून तीन फुटांची सलग फळी टाकतो आणि दोन पावसाळ्यांत ती मध्ये झोळ धरते. अठरा मिलिमीटरचा प्लाय घ्या, दर फुटाला उभी फळी मागा. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत राहत असाल तर भुशाचे दाबलेले बोर्ड नकोत, ते ओल पिऊन फुगतात. आयएस ७१० लिहिलेला मरीन प्लाय महाग पडतो, पण एकदाच पडतो. घरातलं जुनं लोखंडी कपाटही चांगलं काम देतं. वाळवीची धास्ती उरत नाही. फक्त त्याच्या रुंद कप्प्यांत मध्येमध्ये आधार हवेत, आणि कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटून नको. पावसाच्या माऱ्याची भिंत असेल तिथून तर त्याला आधी हलवा. आतल्या भिंतीलाही हातभर नाही तरी चार बोटं जागा सोडा, म्हणजे मागून हवा खेळेल.

सर्वांत खालचा कप्पा जमिनीपासून फूटभर वर असावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. तळमजल्यावर राहणाऱ्यांना आणखी समजवायला नको. ज्यांचं घर पाण्याच्या वाटेवर आहे त्यांनी दुर्मीळ तेवढ्या वरच्या कप्प्यात ठेवाव्यात. लाखेच्या मात्र डोक्याच्या उंचीच्या वर नकोत, काढताना हात निसटला की खेळ आटोपतो.

माळा ही रेकॉर्डींची जागा नव्हे. स्लॅब दिवसभर तापतो, रात्री निवतो, आणि माळ्यावरचं सामान कुणी उभं ठेवत नाही. व्हिनाइल पन्नास-साठ अंशांच्या आसपास नरम पडून आकार सोडू लागतं. नागपुरात किंवा जळगावात मे महिन्यात बंद गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलेली एलपी तासाभरात वशिंड काढते. खिडकीतून तिरपं ऊन येतं ती जागा, फ्रीजची पाठ, ॲम्प्लिफायरचं डोकं, या सगळ्या जागा वर्ज्य.

एकदा वाकलेली तबकडी सरळ करायला लोक इस्त्री वापरतात, ओव्हन वापरतात. बहुतेक वेळा रेकॉर्ड सरळ होते आणि गाणं जातं. थोडी वाकलेली असेल आणि सुई उडत नसेल तर तशीच वाजवा. जास्त असेल तर दोन जाड, सपाट काचांमध्ये, साध्या खोलीच्या हवेत, काही आठवडे वजनाखाली ठेवून बघा. फरक पडलाच तर थोडा पडेल.

पावसाळ्याबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे. ग्रंथालयं आणि ध्वनिसंग्रहालयं वीसएक अंश तापमान आणि पंचेचाळीस-पन्नास टक्के आर्द्रता राखतात. आपल्या घरात ते जमायचं नाही आणि त्यासाठी झुरत बसण्यातही अर्थ नाही. मुंबईत जुलैमध्ये बाहेरची हवाच ऐंशी-नव्वद टक्के ओली असते. बुरशी साधारण पासष्ट टक्क्यांच्या वर जोर धरते, म्हणून कपाटातली हवा साठच्या खाली राहिली तरी आपण जिंकलो असं समजावं. एक छोटा आर्द्रतामापक आणून रेकॉर्डींच्या मधोमध ठेवा. खोलीत टांगून उपयोग नाही, कपाटाच्या आतलं हवामान वेगळं असतं. पावसाळ्यात 'हवा लागू दे' म्हणून कपाटाची दारं सताड उघडी टाकण्याची आपली सवय इथे उपयोगाची नाही. झडीच्या दिवसांत दारं बंदच ठेवावीत, कोरडं ऊन पडेल त्या दुपारी तास-दोन तास उघडावीत. हिवाळ्यात हवं तेवढं उघडं ठेवा.

सिलिका जेलच्या चार-सहा पिशव्या कप्प्यांत ठेवल्या तर फरक पडतो, पण त्या तोंडापर्यंत ओल पिऊन बसल्या की निव्वळ शोभेच्या. रंग बदलणारे दाणे घ्या. निळे गुलाबी झाले किंवा नारिंगी हिरवे झाले, की ते तापवून पुन्हा कोरडे करायचे. सिल्कच्या साड्यांच्या कपाटात बारीक दिवा लावून ठेवण्याची युक्ती काही घरांत आहे. रेकॉर्डींसाठी तिच्या वाट्याला जाऊ नका, दिव्याशेजारची तबकडी बाकीच्यांसाठी बळी जाते. खोलीत एसी असेल तर पावसात त्याचा 'ड्राय' मोड रात्री चालवणं हा साधा उपाय आहे. फक्त रात्रभर गार केलेल्या खोलीची खिडकी सकाळी एकदम उघडू नका. बाहेरची ओलसर हवा गार तबकड्यांवर दव धरते.

डांबरगोळ्या नकोत. कसर आणि झुरळं दूर राहतात हे खरं, पण तो वास जाकिटाच्या पुठ्ठ्यात मुरला की काही केल्या जात नाही. कसरीला हवी असते जाकिटाच्या जोडावरची खळ. कपाट दोन-तीन महिन्यांतून एकदा रिकामं करून कोरड्या फडक्यानं पुसलं तरी तिचा पुष्कळसा बंदोबस्त होतो.

बुरशी आलीच तर घाबरू नका, पण घाईही करू नका. व्हिनाइल बुरशीचं खाद्य नव्हे. ती पोसली जाते बोटांच्या तेलावर, धुळीवर आणि मुख्यतः कागदावर. म्हणून पांढऱ्या ठिपक्यांची एलपी बहुतेक वेळा धुऊन वाचते. तिचं आतलं कागदी पाकीट मात्र फेकून द्या, त्याच पाकिटात पुन्हा घातली तर पुढच्या श्रावणात हेच काम परत. लाखेवर बुरशी खोल गेली असेल तर पृष्ठभागच खाल्ला जातो आणि तिथे कायमची खरखर राहते. झटकण्याचं काम बाल्कनीत, नाकातोंडाला मास्क लावून करा. जाकिटं सावलीत वाळवावीत, कारण उन्हात रंग उडतो आणि पुठ्ठा पापडतो.

आणि पाणी खरंच घरात शिरलं तर? तबकड्या जाकिटांतून लगेच बाहेर काढा, कारण ओला कागद वाळताना खाचांना चिकटतो. स्वच्छ पाण्यानं गाळ जाऊ द्या, घासू नका, आणि उभ्या ठेवून सावलीत वाळवा. कोणतं जाकीट कुठल्या रेकॉर्डचं ते त्याच वेळी लिहून ठेवा, नंतर आठवत नाही. ओली जाकिटं दोन दिवसांच्या आत वाळवता येणार नसतील तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका. बुरशी थांबते आणि सवडीनं एकेक काढून वाळवता येतात. तबकड्या मात्र फ्रीझरमध्ये घालायच्या नाहीत.

आतली पाकिटं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित खर्च. जुन्या एलपींना कागदी पाकीट असतं, ते पिवळं पडलं, त्याचा भुगा होऊ लागला, की बदला. मऊ, किंचित दुधी रंगाचं पॉलिथीनचं पाकीट उत्तम. चकचकीत, जाड, रेनकोटसारखा वास येणारी पीव्हीसीची पाकिटं मात्र कितीही रुबाबदार दिसली तरी आत वापरू नका. त्यांना मऊ ठेवणारं रसायन सावकाश बाहेर पडतं आणि तबकडीवर धुरकट पट्टा धरतो. तो धुतल्यानं जात नाही. पाकीट जाकिटात घालताना त्याचं तोंड वर ठेवा आणि जाकिटाचं बाजूला. धूळ आत जात नाही, आणि जाकीट तिरपं झालं तरी रेकॉर्ड सुळकन जमिनीवर येत नाही. नव्या एलपीवरचं ताणलेलं प्लास्टिकचं वेष्टन जपून ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. ते कालांतरानं आणखी आवळतं आणि आतला माल वाकवतं, त्यामुळे काढून टाकलेलं बरं. लाखेच्या तबकड्यांना साधं, जाडसर, आम्लविरहित कागदाचं पाकीट पुरे.

आता धुणं. रोजचं काम म्हणजे कार्बन फायबरचा ब्रश. तबकडी फिरू द्या, ब्रश खाचांवर नुसता टेकवा, दाबू नका, दोन-तीन फेऱ्यांनंतर हळूच कडेकडे ओढून उचला. झालं. वाजवण्याआधी एवढं केलं की ओलं धुणं वारंवार करावं लागत नाही. सदऱ्याच्या टोकानं पुसणं, फुंकर मारणं हे बंद करा. फुंकरीबरोबर लाळेचे तुषार जातात आणि तिथेच बुरशीची पहिली वस्ती होते.

बाजारातून आणलेली किंवा ट्रंकेतून निघालेली प्रत्येक एलपी मात्र पहिल्यांदा वाजवण्याआधी ओली धुवावी. नळाचं पाणी नको. पुण्याच्या उपनगरांतलं बोअरचं पाणी तर नकोच, त्यातले क्षार खाचेत सुकतात आणि मग रेकॉर्ड धुतल्यानंतर जास्त कडकड वाजते. डिस्टिल्ड वॉटर आणा. एका लिटरला भांड्यांच्या सौम्य, बिनरंगी, बिनवासाच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, त्याहून जास्त नाही. तबकडी जुन्या मऊ टॉवेलवर ठेवा. लेबलावर पाणी जाऊ नये म्हणून मध्ये प्लास्टिकच्या डब्याचं गोल झाकण धरा. जुनी लेबलं सुटतात आणि शाई पसरते. मऊ, दाट केसांचा ब्रश किंवा मायक्रोफायबरचं कापड भिजवून खाचांच्या दिशेनं गोल फिरवा. आडवं, म्हणजे मधून कडेकडे, कधीही घासू नका. दोन-तीन फेऱ्यांत पाणी करडं होतं, क्वचित तपकिरी. सिगारेटच्या घरातून आलेली रेकॉर्ड असेल तर वाससुद्धा सुटतो. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं दोनदा निथळा. हा निथळण्याचा भाग लोक टाळतात, आणि साबणाचा पातळ थर राहून सुईला गोळा चिकटतो. कोरड्या मायक्रोफायबरनं टिपा आणि भांड्यांच्या रॅकमध्ये उभी करून पूर्ण वाळू द्या. पूर्ण म्हणजे खरंच पूर्ण. ओलसर रेकॉर्ड पाकिटात घालणं म्हणजे बुरशीला घर भाड्यानं देणं. एखाद्या एलपीवर तेल किंवा मेण चिकटलं असेल तरच एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चार भाग पाणी असं मिश्रण वापरा.

लाखेच्या तबकडीला मात्र अल्कोहोलचा थेंबही लागता कामा नये. सुतार फर्निचरच्या पॉलिशसाठी चपडी स्पिरिटमध्ये विरघळवतो ते आपण पाहिलेलं असतं. ही तीच लाख. सर्जिकल स्पिरिट, कोलनवॉटर, काच पुसण्याचं निळं पाणी, सॅनिटायझर, सगळ्यांत अल्कोहोल असतं. हाताला सॅनिटायझर चोळून लगेच तबकडी धरली तरी कडेवर ठसा उमटू शकतो. तिला गार डिस्टिल्ड पाणी, तोच थेंबभर लिक्विड, काम झटपट आणि वाळवणंही झटपट. लाखेच्या मिश्रणात पाणी मुरलं तर ती फुगते. कडेला तडा असेल तर त्यातून पाणी आत शिरतं, अशी तबकडी ओली धुवूच नका.

रॉकेल, खोबरेल, गाडीचं पॉलिश असे घरगुती उपाय कुणी सुचवले तर हसून सोडून द्या. फेविकॉल पसरून, वाळल्यावर सालासारखा सोलून काढण्याचे व्हिडिओ अलीकडे फार फिरतात. व्हिनाइलवर ते कधीकधी जमतं, हे मान्य. पण कुठे पातळ थर राहिला तर तो खाचेतून काढणं कठीण जातं, आणि लाखेवर हा प्रयोग केला तर गोंदाबरोबर गाणंही सोलून निघायचं. ज्या रेकॉर्डचं आपल्याला काही वाटत नाही तिच्यावरच असले प्रयोग करावेत. आणि तशी रेकॉर्ड जपायची तरी कशाला?

सुईकडे येतो. एलपीची खाच अतिशय अरुंद असते. तिच्यासाठी सुईच्या टोकाची त्रिज्या पंचवीस मायक्रॉन किंवा त्याहून कमी, स्टीरिओला अठराच्या आसपास. ७८च्या खाचेला लागते साधारण पंचाहत्तर मायक्रॉनची. एलपीच्या सुईनं लाखेची तबकडी वाजवली तर ती खाचेच्या तळाशी घसरत जाते आणि निव्वळ फरफर ऐकू येते. ७८ची सुई एलपीवर लावली तर खाचच फाटते. जुन्या प्लेअरवर यासाठी सुई उलटवायची छोटी खिट्टी असते, एका बाजूला एलपी, दुसऱ्या बाजूला ७८. ती कुठल्या बाजूला आहे हे बघितल्याशिवाय हात खाली सोडू नका.

चावीच्या भोंग्याच्या ग्रामोफोनची गोष्ट आणखी वेगळी. त्याची पोलादी पिन एका बाजूपुरती असते. लाखेतली दगडाची पूड त्या पिनेला झिजवून खाचेच्या आकाराची करते, असाच त्याचा हिशेब होता. तीच पिन दुसऱ्या तबकडीला लावली, की झिजलेल्या धारेनं ती खाच कोरत जाते. म्हणून दर बाजूला नवी पिन. आणि एलपी त्या यंत्रावर ठेवायचीच नाही, पाहुण्यांना गंमत म्हणूनसुद्धा. पिन धरणाऱ्या त्याच्या साउंडबॉक्सचं वजन शंभर ग्रॅमच्या वर, आजचं काडतूस, म्हणजे सुई बसवलेली कार्ट्रिज, एलपीवर टेकतं दोन ग्रॅमच्या आसपास. एका फेरीत एलपी कामातून जाते.

आजच्या प्लेअरची हिऱ्याची सुई साधारण पाचशे ते हजार तास चालते. रोज एक एलपी ऐकणाऱ्याला ती दोन ते चार वर्षं पुरेल. सूटकेसच्या आकाराच्या स्वस्त प्लेअरमध्ये बहुधा कृत्रिम नीलमाची सुई असते आणि ती याच्या दशांशही टिकत नाही, शिवाय त्यांचा दाबही जास्त असतो. जुन्या रेकॉर्डींबरोबर सेकंडहँड प्लेअर घेतला असेल तर त्यावरची सुई किती चालली आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. तिच्यावर भरवसा न ठेवता पहिल्याच दिवशी बदला. पूर्वी सुई उडायला लागली की तिच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं ठेवत. उडणं थांबायचं, आणि रेकॉर्ड प्रत्येक वेळी थोडीथोडी खरवडली जायची. आज अशा घरांतल्या एलपी ऐकल्या तर वरचे सूर फाटलेले लागतात, बासरी आणि 'स' अक्षर विशेष. कितीही धुतलं तरी तो आवाज परत येत नाही. सुई उडते ती दाब चुकल्यामुळे, प्लेअर सपाट नसल्यामुळे किंवा तिच्यावर धुळीचा गोळा बसल्यामुळे. दाब मोजायचा छोटा काटा मिळतो, तो घ्या. सुई साफ करताना कोरडा मऊ ब्रश मागून पुढे, म्हणजे तबकडी फिरते त्याच दिशेनं, एकदा ओढा. उलट ओढला तर दांडी वाकते.

अमेरिकेच्या अवकाशसंस्थेनं १९७७ साली व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी पाठवली, तिच्यात केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे, हे मराठी माणसाला बहुधा ठाऊक असतं. त्याच वेष्टनात काडतूस आणि सुईही ठेवली आहे, हे कमी जणांना ठाऊक असतं. ज्यांनी ती पाठवली त्यांना सुईचं महत्त्व नेमकं कळलं होतं.

चांगली, जपलेली रेकॉर्ड नीट सुईखाली अनेकदा वाजली तरी तिचं फारसं बिघडत नाही. त्यामुळे वाजवायचीच नाही म्हणून कुलपात ठेवण्याच्या मी विरुद्ध आहे. तडे गेलेल्या, बुरशीनं खाल्लेल्या आणि दुसरीकडे न मिळणाऱ्या तेवढ्या एकदा नीट उतरवून घ्या आणि मग विश्रांती द्या. उतरवताना ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. एमपी३ मूळ प्रत म्हणून नको. आधी साफसफाई न केलेली कच्ची प्रत ठेवा, खरखर काढलेली प्रत दुसरी. खरखर काढणारं सॉफ्टवेअर अतिउत्साही असतं, तंबोऱ्याची जवारीही खरखर समजून पुसून टाकतं. ही फाइल कुठे प्रसिद्ध करणार असाल तर हक्कांचं बघा: आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, पण गीताचे आणि चालीचे हक्क वेगळे आणि ते रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे आणि तेच बहुतेक जण करत नाहीत: यादी. गायक, गाणं, नाटक किंवा चित्रपट, आणि लेबलावरचा क्रमांक. क्रमांक महत्त्वाचा, कारण एकच पद दोनतीनदा ध्वनिमुद्रित झालेलं असतं. एचएमव्हीच्या जुन्या एलपींवर ईएएलपी, ईसीएलपी अशी अक्षरं असली तर ती मोनो, ईएएसडी, ईसीएसडी असली तर स्टीरिओ. सात इंची ईपींवर ७ईपीई दिसेल. शेजारी अवस्था लिहा: तडा, ओरखडा, वाकलेली, जाकीट नाही. जाकिटावर दुकानाचा शिक्का, कुणाचं नाव, 'सौ.ला वाढदिवसानिमित्त' असलं काही लिहिलेलं असेल तर ते खोडू नका आणि यादीत उतरवून घ्या. नवा चिकटपट्टीचा तुकडाही लावू नका, पंधरा वर्षांनी तो छपाई घेऊन निघतो. फाटलेला जोड आतून पातळ कागद आणि खळीनं जोडा. यादीची एक प्रत घरात आणि एक मुलांच्या फोनमध्ये.

कारण संग्रह करणाऱ्यानंतर घरातल्यांना हे काय आहे तेच कळत नाही आणि सगळं किलोवर जातं. पुढे कुणी सांभाळणारं नसेल तर हयातीतच सोय करा. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था १९९० पासून आहे. अशा वर्तुळातली माणसं कोणती तबकडी दुर्मीळ आणि कोणती घराघरांत असलेली हे पटकन सांगतात. संस्थेला देताना सगळंच्या सगळं घेतलं जाईल असं धरून चालू नका. त्यांच्याकडेही जागा कमी असते, आणि गीतरामायणाच्या एलपी त्यांच्याकडे आधीच चार घरांतून आलेल्या असतात. त्यांना हवी असते ती एखाद्या विस्मृतीत गेलेल्या नटाची लाखेची तबकडी किंवा एखाद्या छोट्या कंपनीचं लेबल, आणि यादी हाताशी असली तर ही निवड फोनवरच होते.